तोंडावर सांगितलेलं बरं

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा नुकताच सरकारी नोकरीला चिकटलो होतो. पणजीहून संध्याकाळची कदंब पकडायची, डिचोलीला उतरायचं आणि घरी जाण्याआधी अर्धा तास सायबर कॅफेत बसायचं, असा नेम होता. मेल कोणाचे यायचे म्हणाल तर बहुतेक आतेभावाचे. तो बोटीवर, आमच्या भाषेत तारवटी. कुठल्याशा बंदराला बोट लागली की त्याचा मेल यायचा. त्या दिवशीच्या मेलात एक क्लिप होती आणि वर एवढंच लिहिलेलं, "पळय आनी हांस."

क्लिप उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागली. चित्र पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडं मोठं. निळसर शर्ट घातलेला एक चिनी चेहऱ्याचा पोरगा तीन परीक्षकांपुढे उभा होता आणि रिकी मार्टिनचं 'शी बँग्ज' म्हणत होता. म्हणत होता म्हणजे काय, सूर एकीकडे, ताल दुसरीकडे आणि हातपाय तिसरीकडे. पण मनापासून. एका परीक्षकाने हसू लपवायला तोंडावर पांढरं फडकं धरलेलं. शेजारच्या बाईंनाही हसू आवरत नव्हतं. तिसऱ्याने गाणं मध्येच थांबवलं आणि सरळ सांगितलं की तुला गाता येत नाही, नाचता येत नाही, मग मी काय बोलावं अशी तुझी अपेक्षा आहे?

पोरगा रडला नाही, रागावला नाही. म्हणाला, मी माझ्याकडून होईल तेवढं चांगलं केलं, मला कसलीही खंत नाही. वर असंही म्हणाला की गाण्याचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. त्यावर परीक्षकाने, अरे वा, हे तर शतकातलं आश्चर्य, अशा अर्थाचा टोमणा मारला.

मी खुर्चीत पोट धरून हसलो. कॅफेवाला उठून आला, त्यानेही पाहिलं, शेजारच्या दोघांना बोलावलं. आम्ही ती क्लिप चार वेळा लावली. मग मी ती ओळखीच्या पाच जणांना पाठवली. वर काय लिहिलं होतं? तेच. "पळय आनी हांस."

त्या पोराचं नाव विल्यम हंग. तेव्हा हे नाव मला ठाऊक नव्हतं, जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. सगळं नंतर सवडीने वाचलं.

जन्म १९८३ साली हाँगकाँगमध्ये. १९९३ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. 'अमेरिकन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वासाठी त्याने सप्टेंबर २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला चाचणी दिली, तेव्हा तो बर्कलीच्या विद्यापीठात सिव्हिल इंजिनियरिंग शिकत होता. चाचणीचा भाग टीव्हीवर दिसला २७ जानेवारी २००४ रोजी. परीक्षक होते रँडी जॅक्सन, पॉला अब्दुल आणि सायमन कॉवेल. तोंडावर फडकं धरणारा तो जॅक्सन, आणि सरळ बोलणारा तो कॉवेल.

तिथेच हा विषय संपायला हवा होता. नापास झालेल्या हजारोंपैकी एक. पण तसं झालं नाही. ध्यानात घ्या, यूट्यूब तेव्हा जन्मालाही आलेलं नव्हतं, ते २००५ साली निघालं. ही क्लिप फिरली ती मेलांतून, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांच्या हातून. चाहत्यांनी त्याच्या नावाने संकेतस्थळ काढलं, त्यावर लोक लाखांनी तुटून पडले. त्याला कार्यक्रमात परत घ्या अशा मागणीवर लाखाच्या वर सह्या झाल्या. 'कोच रेकॉर्ड्स' या कंपनीने पंचवीस हजार डॉलर आगाऊ देऊन त्याच्याशी करार केला आणि ६ एप्रिल २००४ रोजी 'इन्स्पिरेशन' नावाचा त्याचा अल्बमच बाजारात आला. टीव्हीवर दिसल्यापासून सव्वादोन महिन्यांत! बिलबोर्डच्या मुख्य यादीत तो चौतिसाव्या क्रमांकापर्यंत चढला. त्याच वर्षी नाताळच्या गाण्यांचा दुसरा अल्बम, २००५ मध्ये तिसरा. गाता येत नाही म्हणून घरी पाठवलेल्या माणसाचे तीन अल्बम. भल्याभल्या गवयांचं आयुष्य जातं आणि एक ध्वनिमुद्रिका निघत नाही.

आता इथे एक गोम आहे. ती मला बऱ्याच उशिरा कळली. अशा कार्यक्रमांत उमेदवार उठून थेट त्या तीन नावाजलेल्या परीक्षकांपुढे जात नाही. आधी कार्यक्रमवाल्यांच्या माणसांसमोर चाळणी होते. हजारोंची रांग असते, त्यातले बहुतेक तिथूनच घरी जातात. वर पाठवतात ते दोन प्रकारचे लोक. एक खरोखर चांगले गाणारे. दुसरे, ज्यांच्यावर हसता येईल असे. मधल्यांचं टीव्हीला काही काम नसतं. म्हणजे हंग जेव्हा त्या खोलीत शिरला तेव्हा त्याला वाटत होतं की आपण निवडले गेलो आहोत. निवडला गेला होताच तो. कशासाठी, ते एकट्या त्यालाच माहीत नव्हतं.

आपल्याकडे 'इंडियन आयडॉल' ऑक्टोबर २००४ मध्ये सोनीवर सुरू झालं. पहिलं पर्व जिंकला आपला मराठी मुलगा अभिजीत सावंत. तो जिंकला तेव्हा आमच्या वाड्यावर पोरांनी फटाके लावले होते. पण खरं सांगा, सुरुवातीचे चाचण्यांचे भाग तुम्ही कशासाठी पाहिलेत? आमच्या घरी तर जेवणाची ताटं पुढे ओढून सगळे बसायचे आणि कोणी बेसूर गायला की आई हसून हसून डोळे पुसायची. आम्ही वाईट माणसं नव्हतो. समोर पान वाढलं होतं, आम्ही जेवत होतो एवढंच.

त्यात आम्ही गोंयकार. केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा यांच्या मुलखातले. इथे भजनाला बसलेला पानवाला देखील कोणाचा निषाद उतरला ते सांगतो. स्वतःला गाता येवो न येवो, दुसऱ्याचं चुकलेलं आम्हाला बरोबर कळतं. या कानाचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असावा. पण त्याच कानाने आम्ही किती जणांना गप्प बसवलं असेल याची मोजदाद कोणी केलेली नाही.

हंगच्या प्रसिद्धीवर अमेरिकेत वाद झाला होता. तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांमध्ये दोन तट पडले. काही म्हणाले, बघा, पोरगा कसा ताठ राहिला. काहींना मात्र संताप आला. त्यांचं म्हणणं असं की देश हसतोय तो नुसत्या बेसूर गाण्याला हसत नाही. पुढे आलेले दात, परदेशी उच्चार, अवघडलेलं अंग, म्हणजे हॉलिवूडने वर्षानुवर्षं रंगवलेला आशियाई बावळट पुरुष त्यांना हंगमध्ये आयता सापडलाय. १९८४ च्या 'सिक्स्टीन कँडल्स' या चित्रपटात लाँग डक डाँग नावाचं असंच एक पात्र होतं. ते पडद्यावर आलं की मागे घंटा वाजायची. त्या पात्राच्या नावाने शाळेत चिडवून घेतलेली मुलं आता मोठी झाली होती. त्यांना हंगवरचं हसू कसं गोड लागावं?

हा मुद्दा वाचला आणि मी थोडा सावरून बसलो. कारण हिंदी चित्रपटातला गोंयकार मी लहानपणापासून पाहत आलो आहे. हातात बाटली, डोक्यावर टोपी, मोडकी हिंदी आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन'. डिचोलीच्या थिएटरात आम्हीसुद्धा त्याला हसायचो. पुढे कॉलेजच्या सहलीत पुण्याला एकाने मला विचारलं, "काय रे, सकाळी चहा घेता की डायरेक्ट फेणी?" सगळे हसले. मी पण हसलो. दुसरं काय करणार? हसणाऱ्यांत मिसळून गेलं की आपल्याकडे कोणी बोट दाखवत नाही, हे शहाणपण माणूस लवकर शिकतो.

हंगचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. गाण्याची ती लाट ओसरली. तो शिकायला परतला, नॉर्थरिजच्या विद्यापीठातून गणिताची पदवी घेतली. २०११ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात, म्हणजे पोलिसांत म्हणा ना, गुन्ह्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण करण्याच्या नोकरीला लागला. म्हणजे आमच्याच जातकुळीचा निघाला, सरकारी नोकर! पुढे व्याख्यानं द्यायला लागला. २०१६ मध्ये 'अमेरिकन आयडॉल'ने निरोपाचा भाग केला तेव्हा त्याला मानाने बोलावलं आणि त्याने पुन्हा तेच गाणं म्हटलं. सूर, ऐकणारे सांगतील, होता तिथेच होता.

इतकी वर्षं लोटली आणि आज हे का आठवलं? आठवलं नाही, आठवावं लागलं.

आमच्या वाड्यावर एक काका आहेत. आयुष्यभर खाणीवरचा ट्रक चालवला. २०१२ साली खाणी बंद पडल्या तसा त्यांचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. चवथीला घरोघर आरत्यांचा मेळ फिरतो त्यात ते पहिल्या रांगेत. घुमट, शामेळ, कासाळें रंगात आली की काका डोळे मिटून वरचा सूर घेतात. म्हणजे घ्यायला जातात. सूर त्यांना भेटत नाही. ते खालीवर शोधत राहतात आणि तो शोध सगळ्या गावाला ऐकू जातो. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो. मी पेटीवर असतो. काका सुरू झाले की मी मान खाली घालून पट्ट्यांकडे बघतो, कारण समोरच्याशी नजरानजर झाली की हसू फुटणार.

२०२३ च्या चवथीला एका पोराने काकांचा तो सूर मोबाईलवर घेतला. वीस-बावीस सेकंद. वाड्याच्या ग्रुपवर टाकला. मला माझ्या खोलीत बसून हसू आवरेना. आणि मी काय केलं? आमच्या ऑफिसातल्या ग्रुपवर पुढे पाठवला. यावेळी वर काही लिहिलंसुद्धा नाही. हसून डोळ्यांतून पाणी येणारे ते पिवळे चेहरे असतात ना, तीन टाकले.

दहा दिवसांनी तोच व्हिडिओ मला केपे तालुक्यातल्या एका माणसाने पाठवला. कोणीतरी काकांच्या आवाजाला रेड्याचं रेकणं जोडलं होतं. खाली लिहिलेलं, ओळखा पाहू, यातला गवई कोण. त्या माणसाला काका कोण ते ठाऊक नव्हतं. मी त्याच वाड्यावरचा आहे हेही ठाऊक नव्हतं. मी उत्तर दिलं नाही. मोबाईल उपडा ठेवला आणि फाईल उघडून बसलो. फाईल कसली होती ते आठवत नाही.

२०२४ च्या चवथीला काका मेळात आले नाहीत. "ताळो बसला," असं त्यांच्या घरून कळलं. घसा बसलाय. पाचही दिवस बसला. त्यांच्या घरी आम्ही आरतीला गेलो तेव्हा ते माटोळीखाली हात जोडून उभे होते, ओठ मिटून. त्या वर्षी आमच्या आरत्या अगदी सुरात झाल्या. पेटीवर बसून मला ते सूर टोचत होते.

तेव्हा मी तो विल्यम हंग पुन्हा शोधून पाहिला. आता तो मिळायला दोन सेकंद लागतात. माझ्या डोक्यात इतकी वर्षं त्या खोलीतला दुष्ट माणूस म्हणजे कॉवेल. या वेळी पाहताना वाटलं, त्या खोलीत निदान एक गोष्ट सरळ झाली होती. कॉवेल बोलला ते टोचणारं होतं, पण तोंडावर बोलला. म्हणून तर हंगला उत्तर देता आलं. आज जग त्याला ओळखतं ते गाण्यामुळे थोडं, त्या उत्तरामुळे जास्त. फडक्याआड हसणाऱ्याला तो काय उत्तर देणार होता? आणि आधीच्या चाळणीत ज्यांनी सगळं ओळखून त्याला वर पाठवलं, त्यांना? आणि डिचोलीच्या सायबर कॅफेत बसलेल्या मला?

काकांना तर तेवढंही मिळालं नाही. हंग निदान स्पर्धेला गेला होता, कॅमेरा त्याला दिसत होता. काका कसल्या स्पर्धेला बसले होते? शेजारच्या घरी देवापुढे उभे होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही आणि केप्यापर्यंत निकाल लावून टाकला. पंचवीस हजार डॉलर सोडाच, साधं "काका, माफ करा" एवढंही कोणी म्हटलं नव्हतं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. काका सोप्यावर बसून नारळ सोलत होते. मी बाजूला बसलो. इकडचं तिकडचं झालं. शेवटी धीर करून म्हटलं, काका, तो व्हिडिओ मीसुद्धा पुढे पाठवला होता. आमच्या ऑफिसात मीच दाखवला.

काकांचा हात थांबला नाही. सोडण एका बाजूला टाकत म्हणाले, "खबर आसा म्हाका. नातवान दाखयलो. रेडो घाला न्हय तातूंत, तोच."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "एक खरें सांग. हांव इतलो वायट गायतां?"

वाचकहो, सरकारी नोकरीत वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला गोल उत्तर द्यायला शिकवावं लागत नाही. 'पाहू', 'कळवू', 'विचाराधीन आहे' हे आमच्या जिभेवरच असतं. तसं काहीतरी म्हणून सुटता आलं असतं. मोठ्या माणसाला असं कसं सांगायचं हाही प्रश्न होताच. पण मी म्हटलं, "हय काका. तुमचो सूर लागना."

काका गप्प. मी उठायच्या बेतात होतो. तर म्हणाले, "चाळीस वर्सां गायतां. एकान पसून सांगूंक ना." आणि मग, जरा आवाज चढवून, "तूं पेटयेर बसतालो मरे! तुवें सांगपाचें न्हय तोंडार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. मी पेटीवर होतो. एखाद्या संध्याकाळी बाजूला बसवून म्हटलं असतं, काका, हा बघा तुमचा सूर, थोडं खालून घ्या, तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. कदाचित दोन शिव्या घालून तसंच गायले असते. दोन्ही चाललं असतं. चाळीस वर्षं मान खाली घालून हसायचं आणि एक दिवस ते हसू सगळ्या गोव्याला वाटायचं, हे आम्ही केलं. काकूंनी चहा आणून दिला. तो घेऊन मी घरी आलो. जाताना काकांनी चार नारळ हातात दिले. नको म्हटलं तरी.

२०२५ च्या चवथीला काका मेळात आले. पहिल्या रांगेत उभे राहिले नाहीत. मागे दाराकडे थांबले आणि कासाळें वाजवत राहिले. वाजवतात मात्र छान, ताल पक्का आहे, हे इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी पेटीवरून दोनदा खूण केली की या, उचला. त्यांनी मान हलवली. तिसऱ्या घरी आरती चढत गेली तेव्हा त्यांचे डोळे मिटले आणि तोंड उघडलं. त्याच वेळी दाराशी एका पोराने सवयीने मोबाईल वर धरला. त्याच्या मनात काही नसेलही, पोरं सगळंच टिपतात. मी पेटीवरचा हात काढून त्याला मोबाईल खाली घ्यायला लावला. त्याने घेतला. पण काकांनी पाहिलं होतं. त्यांनी तोंड मिटलं आणि कासाळें जरा जोरात वाजवलं.

असो. यंदा चवथीच्या आधी दोन रविवार त्यांच्याकडे पेटी घेऊन जाणार आहे. तसं सांगूनही ठेवलंय. "येतलो जाल्यार यो," म्हणाले, "पूण फोन घरा दवरून यो."